घड्याळ आणि संभाषणाची पाळी

पॅरिसच्या आयफेल मनोऱ्यावरून १९१० साली बिनतारी कालसंकेत नियमाने प्रक्षेपित होऊ लागले. समुद्रावरील जहाजांना रेखांश काढण्यासाठी अचूक वेळ लागे. ती गरज या संकेतांनी भागविली. हौशी बिनतारी संभाषकांचे मात्र एवढ्या काटेकोर वेळेवाचून दीर्घकाळ अडले नाही. आवाजाने बोलताना दुसऱ्याच्या विरामावरून, आणि मोर्स लिपीत ठराविक चिन्हावरून, आपली पाळी आल्याचे कळे.

नोबेल पारितोषिकाचे मानकरी जोसेफ टेलर व त्यांचे सहकारी यांनी २०१७ साली प्रचारात आणलेल्या ‘एफटी-८’ पद्धतीने ही रीत पालटली. तीत प्रत्येक पाळी १५ सेकंदांची असते, आणि तिचा आरंभ केवळ घड्याळावरून ठरतो. संदेश १२.६४ सेकंदांत संपतो. घड्याळ जागतिक प्रमाणवेळेशी सुमारे एका सेकंदाच्या आत जुळलेले असावे लागते. अंतर फार वाढल्यास संदेश कानी येतो, पण उलगडत नाही.

सुवाह्य यंत्र घेऊन डोंगरमाथ्यावर जाणाऱ्यास ही अट जाचक ठरते. स्फटिक-घड्याळात दशलक्षांश वीस एवढी चूक असली, तरी चोवीस तासांत सुमारे १.७ सेकंदांचा फरक पडतो. इंटरनेट नसेल तेथे जीपीएस उपग्रहांचा, किंवा अमेरिकेतील डब्ल्यूडब्ल्यूव्ही केंद्राच्या लघुलहरींवरील ठोक्यांचा आधार घ्यावा लागतो.

संभाषणातील पाळी हा भाषाशास्त्राच्या अभ्यासाचा विषय होय. सामान्यतः वक्ता व श्रोता ती परस्परांत ठरवितात. येथे दोघेही तिसऱ्या साक्षीदाराकडे पाहतात. जहाजाला आपण कोठे आहोत हे ज्या बिनतारी वेळेवरून उमगे, तीच आता केव्हा बोलावे हे सांगते.