एल्फिन्स्टन महाविद्यालयाची जुनी वास्तू, भायखळा

मुंबईतील एकोणिसाव्या शतकातील गॉथिक शैलीची एक शैक्षणिक वास्तू. भायखळ्याहून चिंचपोकळीकडे जाणाऱ्या पूर्वीच्या परळ रस्त्यावर (विद्यमान डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्ग) जिजामाता उद्यानाच्या समोर ती उभी आहे.

गव्हर्नर मौंट स्ट्यूअर्ट एल्फिन्स्टन (१७७९–१८५९) यांच्या निवृत्तिप्रसंगी १८२७ मध्ये जमविलेल्या निधीतून मुंबईत उच्च शिक्षणाचे वर्ग सुरू झाले. १८५६ मध्ये शाळेपासून महाविद्यालय वेगळे करण्यात आले व १८६० मध्ये ते मुंबई विद्यापीठाशी संलग्न झाले. कावसजी जहांगीर रेडीमनी (१८१२–७८) यांच्या देणगीमुळे त्यास भायखळ्याची ही वास्तू लाभली. वास्तुशिल्पज्ञ जेम्स ट्रबशॉ यांनी आराखडा केलेले हे बांधकाम १८७१ च्या सुमारास पूर्ण झाले. महाविद्यालय येथे असतानाच १८८४ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले त्याचे पदवीधर झाले. १८८८ मध्ये महाविद्यालय काळा घोडा येथील विद्यमान वास्तूत गेले. मूळ सरकारी मुद्रणालयासाठी योजिलेल्या त्या वास्तूचे शिल्पज्ञही ट्रबशॉच होत.

रिकामी झालेली जुनी वास्तू व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेकडे आली. राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त १८८७ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत यंत्रविद्या व वस्त्रनिर्मिती यांचे शिक्षण दिले जाई. चिंचपोकळी, लालबाग व परळ हा गिरण्यांचा परिसर जवळच असल्याने या शिक्षणास ही जागा सोयीची होती. १९२३ मध्ये संस्था माटुंग्यास गेली. १९९७ पासून ती वीरमाता जिजाबाई यांच्या नावाने ओळखली जाते. पुढे या वास्तूत रेल्वेचे रुग्णालय आले. मध्य रेल्वेचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारक रुग्णालय ते हेच.

जतनाच्या दृष्टीने या वास्तूचा इतिहास बोधप्रद आहे. समोरच्या उद्यानातील, १८७२ मध्ये खुले झालेले वस्तुसंग्रहालय (विद्यमान डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय) मूळ उपयोगासाठीच राहिले व एकविसाव्या शतकाच्या आरंभी त्याचा जीर्णोद्धार झाला. महाविद्यालयाची वास्तू मात्र उपयोग बदलत गेल्यामुळे टिकली. वापरातील इमारतीची देखभाल होत राहते. तथापि रुग्णालयाच्या गरजा वाढत्या असतात, आणि वर्गांसाठी बांधलेल्या दालनांत त्या भागविताना मूळ रचनेस बाध येण्याचा संभव असतो. मुंबईत वारसा-वास्तूंच्या संरक्षणाची नियमावली १९९५ मध्ये अंमलात आली. अशा नियमांनी बाह्य स्वरूप राखता येते; पण येथे एकेकाळी विद्यार्थी शिकत होते, ही स्मृती केवळ भिंती राखल्याने टिकत नाही. तिची नोंद व तिचे ज्ञान हाही जतनाचाच भाग होय.