मंदीत माणसं वाढली, पण कशामुळे?

1933 ची अमेरिका. साधारण चारातला एक कामगार बेकार. आणि त्याच दशकात व्यवस्थापन सल्ला देणाऱ्या फर्म मात्र वाढत होत्या. इतिहासकार क्रिस्टोफर मॅकेन्ना यांचा अंदाज सांगतो की 1930 मध्ये अशा सुमारे 100 फर्म होत्या आणि 1940 पर्यंत त्या 400 झाल्या.

मी मूळची विज्ञानाची, त्यामुळे हे वाचल्यावर माझा हात आधी आलेखाकडे गेला. एक रेषा खाली, एक वर, म्हणजे घाबरलेल्या कंपन्यांनी सल्लागार बोलावले. झालं! तुम्हालाही असंच वाटलं असेल, तर जरा थांबा.

मॅकेन्ना यांचं बोट 1933 च्या ग्लास-स्टीगल कायद्याकडे आहे. या कायद्याने ठेवी घेणाऱ्या बँका आणि रोखे विकणाऱ्या बँका वेगळ्या केल्या. तोवर कंपनीचा कारभार आतून तपासून सल्ला देण्याचं बरंचसं काम बँकांकडेच होतं. नव्या नियमांमुळे त्यांचा हात आखडला आणि ते काम बाहेरच्या स्वतंत्र फर्मकडे गेलं. म्हणजे मागणी मंदीने कमी आणि कायद्याने जास्त वाढवली. अर्थात तो कायदाही मंदीतूनच आला, त्यामुळे दोन्ही कारणं अगदी सुटी करता येत नाहीत. मॅकिन्झीमध्ये 1933 साली आलेले मार्विन बोवर त्याआधी वकील म्हणून बुडालेल्या कंपन्यांच्या रोखेधारकांच्या समित्यांवर काम करायचे. मंदीने त्यांना शिकवलं ते असं.

आता माझ्या मते खरी गोम. 100 चे 400 झाल्या त्या फर्म, माणसं नव्हेत! एकेका फर्मची माणसं मोजायला गेलात तर वेगळाच घोळ दिसतो. जेम्स मॅकिन्झी या लेखाशास्त्राच्या प्राध्यापकांनी 1926 मध्ये शिकागोत फर्म काढली. 1935 मध्ये ते मार्शल फील्ड या दुकान-कंपनीचे प्रमुख झाले आणि त्यांची फर्म स्कोव्हेल, वेलिंग्टन या लेखापाल फर्ममध्ये विलीन झाली. 1939 मध्ये पुन्हा फाटाफूट झाली. न्यूयॉर्ककडची मंडळी मॅकिन्झी म्हणून राहिली, शिकागोकडची कर्नी म्हणून.

नुसती पटावरची संख्या बघितलीत तर 1935 ला मोठी भरती दिसेल आणि 1939 ला कपात, एकही माणूस नव्याने न घेता किंवा न काढता. म्हणून मंदीतल्या एखाद्या फर्मचं पगारपत्रक हाती लागलं, तर आधी बघा: माणूस नवा आहे, की फक्त दारावरची पाटी बदललीये?