उमरगा परिसरातील शालेय वर्ष व सुट्ट्या

उमरगा हे धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील, सोलापूर–हैदराबाद महामार्गावरील व कर्नाटक सीमेलगतचे तालुक्याचे ठिकाण. राजवट, भाषा, व्यवस्थापन व शेतीचा हंगाम यांनुसार शाळांचे वेळापत्रक कसे भिन्न होते, हे या परिसरात विशेष स्पष्ट दिसते.

निजामाच्या हैदराबाद संस्थानात राज्यकारभारासाठी फसली सन प्रचलित होता; त्याचा प्रारंभ ऑक्टोबरमध्ये आजूर महिन्याने होई. सरकारी साप्ताहिक सुटी शुक्रवारी असे. शेजारच्या सोलापूर या ब्रिटिश जिल्ह्यात मात्र ती रविवारी असल्याने सीमेच्या दोन बाजूंचा आठवडाच वेगळा होता. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी राजवट संपुष्टात आल्यानंतर रविवारची सुटी रूढ झाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचनेने मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात, तर बीदर व गुलबर्गा हे लगतचे भाग म्हैसूर राज्यात गेले. परिणामी सोलापूरशी असलेला भेद मिटला आणि पूर्वी एकाच संस्थानात असलेल्या शेजाऱ्यांत नवा भेद निर्माण झाला. महाराष्ट्रात शाळा सामान्यतः जूनच्या मध्यास उघडतात व सत्रान्तीची सुटी दिवाळीत मिळते; कर्नाटकात शाळा त्याआधी उघडतात व मोठी सुटी दसऱ्यास असते.

राज्यांतर्गतही एकरूपता नाही. उन्हाच्या तीव्रतेमुळे विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस सुरू होतात. कोकणात गणेशोत्सवास अधिक महत्त्व मिळते. उर्दू माध्यमाच्या शाळा रमजानमध्ये वेळा बदलतात. केंद्रीय मंडळाशी संलग्न अनेक शाळांचे वर्ष एप्रिलमध्येच सुरू होते. राज्यातील माध्यमिक शाळांना वर्षाला एकूण ७६ सुट्ट्यांची मर्यादा असून, शिक्षणाधिकाऱ्यांच्या संमतीने दीर्घ सुटीतील काही दिवस स्थानिक सणांकडे वळविता येतात. शिक्षणहक्क अधिनियम, २००९ अन्वये पहिली ते पाचवीसाठी किमान २०० दिवस व ८०० तास, तर सहावी ते आठवीसाठी २२० दिवस व १,००० तास अध्यापन आवश्यक आहे.

हे दिवस शाळेचे मोजले जातात. मूल त्यांपैकी किती दिवस वर्गात असते, हा निराळा प्रश्न होय. मराठवाड्यातील ऊसतोड कामगारांची कुटुंबे दसरा–दिवाळीनंतर साखर कारखान्यांच्या परिसरात स्थलांतर करतात व गाळप संपल्यावर परततात. म्हणजे दुसरे सत्र गावात भरते, तेव्हा त्यांची मुले फडावर असतात; ती परततात, तेव्हा उन्हाळी सुटी जवळ आलेली असते. यावर उपाय म्हणून कारखान्यांच्या ठिकाणी साखरशाळा निघाल्या व मुलांना गावातच ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृहांची योजना आली. साखरशाळेत मुलाची शाळा बदलते, वसतिगृहात आईवडिलांपासून ताटातूट होते. शालेय वर्ष मात्र दोन्ही उपायांत आहे तसेच राहते.