शार्ङ्गदेवाच्या संग्रहालयात ठेवणार काय?

बॉनमधलं बीथोव्हेनचं जन्मघर वाचवायला 1889 मध्ये 12 नागरिकांनी संस्था काढली. बहिरेपणात त्याने कानाला लावलेले कर्णेसुद्धा आज तिथे बघायला मिळतात.

आपल्या मराठवाड्यात, देवगिरीला, 13व्या शतकात शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. सिंघण यादवाच्या दरबारी हा माणूस हिशेबखात्याचा अधिकारी! त्याचं घर नाही, वीणा नाही. मग संग्रहालय कशाचं करायचं?

मी म्हणेन, त्याच्या प्रयोगाचं. मूळ कल्पना भरताची, पण शार्ङ्गदेवाने प्रत्येक श्रुतीला वेगळी तार दिली. दोन सारख्या वीणा घ्या, प्रत्येकीला 22 तारा. पुढची तार आधीच्या तारेपेक्षा इतकीच चढी, की मधे तिसरा नाद बसू नये. एक वीणा ध्रुव, म्हणजे तशीच राहते. दुसरी चल, ती एकेक श्रुती उतरवायची. दोन श्रुती उतरली की तिचे ग-नी ध्रुव वीणेच्या रे-ध ला मिळतात. तिसऱ्यांदा उतरवली की रे-ध जाऊन सा-प ला मिळतात.

यात हर्ट्झ वगैरे कुठेच नाही, मोजपट्टी म्हणजे कान. म्हणून तर श्रुतींची अंतरं सारखी होती का, यावर अजून वाद चालतो. दोन वीणा परभणीतल्या एका खोलीतही मावतील. फक्त त्या काचेत ठेवू नका, खुंट्या येणाऱ्यांनाच पिळू द्या.