डॉ. बरूक ब्लुमबर्ग : आनुवंशिक रक्तभेदांचा अभ्यास आणि हिपॅटायटिस-बीची लस

दरवर्षी २८ जुलै हा दिवस जागतिक हिपॅटायटिस दिन म्हणून पाळला जातो. हा डॉ. बरूक ब्लुमबर्ग यांचा जन्मदिवस होय. यकृताचा दाह, सिरॉसिस व कर्करोग यांस कारणीभूत होणाऱ्या हिपॅटायटिस-बी विषाणूचा शोध त्यांच्या संशोधनातून लागला. मात्र त्यांच्या कार्याचा आरंभ काविळीच्या अभ्यासातून झाला नव्हता. तो कसा झाला, याचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

ब्लुमबर्ग यांचा जन्म १९२५ साली न्यूयॉर्क येथे एका यहुदी कुटुंबात झाला. कोलंबिया विद्यापीठात वैद्यकीय शिक्षण घेत असताना ते दक्षिण अमेरिकेतील सुरिनाम येथे काही महिने राहिले. एकाच परिसरात राहूनही निरनिराळ्या वंशांच्या लोकांत हत्तीरोगाच्या संसर्गाचे प्रमाण भिन्न असल्याचे त्यांनी तेथे पाहिले. असे का व्हावे, हा प्रश्न त्यांच्या पुढील संशोधनाचा पाया ठरला. रक्तातील प्रथिनांमध्ये जन्मतःच असणारे भेद हा त्यांचा अभ्यासविषय बनला.

या शोधात त्यांना हिमोफिलियाच्या रुग्णांचे मोलाचे साहाय्य झाले. या आनुवंशिक विकारात रक्त गोठविणाऱ्या एका प्रथिनाची जन्मतःच उणीव असते. त्यामुळे रुग्णास वारंवार दुसऱ्यांचे रक्त किंवा रक्तघटक द्यावे लागत. परक्या प्रथिनांशी असा संबंध आल्याने त्याच्या शरीरात त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण होतात. अशा रक्तद्रवाच्या साहाय्याने इतरांच्या रक्तातील अपरिचित प्रथिने ओळखता येतील, असा ब्लुमबर्ग यांचा विचार होता.

१९६३ साली डॉ. हार्वे ऑल्टर यांच्यासमवेत काम करताना न्यूयॉर्कमधील हिमोफिलियाच्या एका रुग्णाच्या रक्तद्रवाची ऑस्ट्रेलियातील एका आदिवासी व्यक्तीच्या रक्तद्रवाशी प्रतिक्रिया झाली. या नव्या घटकास 'ऑस्ट्रेलिया प्रतिजन' असे नाव देण्यात आले. प्रारंभी हा घटक आनुवंशिक असावा, असे वाटले. परंतु १९६६ साली डाऊन सिंड्रोम असलेल्या एका रुग्णाच्या रक्तात, पूर्वीच्या चाचणीत नसलेला हा घटक नव्याने आढळला आणि त्याच्या यकृतास दाह झाल्याचेही दिसून आले. जन्मजात गुण असा मागाहून प्रकट होत नाही. हा घटक हिपॅटायटिसच्या विषाणूचा असावा, हा निष्कर्ष १९६७ साली प्रसिद्ध झाला व जपानसह इतरत्र झालेल्या संशोधनाने त्यास पुष्टी मिळाली.

या शोधाची फळे लवकरच दिसू लागली. रक्तदात्याच्या रक्तात हा विषाणू आहे किंवा नाही, हे तपासणे शक्य झाले. १९६९ साली ब्लुमबर्ग व डॉ. आयर्विंग मिलमन यांनी लशीची कल्पना मांडली. अमेरिकेत १९८१ साली पहिल्या लशीस मान्यता मिळाली. १९७६ साली ब्लुमबर्ग वैद्यकशास्त्रातील नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले होते. त्यांचे निधन २०११ साली झाले.

तैवानने १९८४ साली नवजात बालकांना ही लस देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. पुढे तेथील मुलांमध्ये यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटले. कर्करोगास प्रतिबंध करणारी ही पहिली लस मानली जाते.

तरीही हा लढा संपलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली जगात सुमारे २५ कोटी ४० लाख लोकांना हिपॅटायटिस-बीचा दीर्घकालीन संसर्ग होता व त्या वर्षी सुमारे ११ लाख लोक त्याने दगावले. बाधित मातेकडून बाळास जन्माच्या वेळी संसर्ग होऊ शकतो. म्हणूनच आपल्या देशातील लसीकरण कार्यक्रमात पहिली मात्रा जन्मानंतर २४ तासांच्या आत व पुढील मात्रा ६, १० व १४ आठवड्यांनी दिल्या जातात. आपल्या कुटुंबातील बाळास ही पहिली मात्रा वेळेवर मिळाली की नाही, याची खात्री प्रत्येकाने करून घ्यावी, असे आम्ही आवर्जून सांगू इच्छितो.

हा आजार एकत्र जेवल्याने वा हस्तांदोलनाने पसरत नाही. तेव्हा बाधितांना दूर लोटण्याचे काहीच कारण नाही. थॅलेसेमियाच्या मुलांना तर आयुष्यभर दुसऱ्यांच्या रक्ताचा आधार घ्यावा लागतो. ज्या रुग्णांच्या रक्तामुळे हा शोध लागला, त्यांच्यासारख्यांनाच आज तपासलेल्या रक्ताचा सर्वाधिक लाभ होत आहे. त्यांच्यासाठी नियमित रक्तदान करणे, हे त्या ऋणाचे स्मरण ठेवण्यासारखेच होय.