साक्ष आणि सही : मुंबईची हुंडी ते मुक्तस्रोत प्रकल्पातील सार्वजनिक किल्ली

प्रस्तावना

अनोळखी माणसाची सही खरी कशी मानावी, हा प्रश्न संगणकाने निर्माण केलेला नाही. दूरदूरच्या पेठांशी व्यवहार करणाऱ्या एकोणिसाव्या शतकातील मुंबईला तो रोज पडत असे. आज तोच प्रश्न मुक्तस्रोत संगणकप्रणाली घडविणाऱ्या प्रकल्पांपुढे उभा आहे. अशा प्रकल्पातील विकासक निरनिराळ्या देशांत राहतात आणि त्यांतील अनेकांची कधीच भेट झालेली नसते. विकासक आपले काम स्वतःजवळील गुप्त किल्लीने स्वाक्षरित करतो. त्याच्या सार्वजनिक किल्लीने ती स्वाक्षरी कोणालाही तपासता येते. परंतु ती सार्वजनिक किल्ली त्याचीच कशावरून? प्रस्तुत लेखात या किल्ल्यांच्या वितरणाचा इतिहास मुंबईतील दोन जुन्या व्यवहारपद्धतींच्या संदर्भात तपासला आहे : काळबादेवीची हुंडी आणि गिरणगावची मनीऑर्डर.

हुंडी : साक्षीदाराचे दायित्व

गिरगावला लागून असलेल्या काळबादेवी-मुंबादेवी परिसरातील पेढ्यांवर परगावच्या हुंड्या वटत असत. हुंडी घेऊन येणारा इसम सराफाच्या परिचयाचा असेलच असे नव्हते. यावर बाजाराने काढलेला तोडगा म्हणजे शाहजोग हुंडी. तिची रक्कम केवळ 'शहा'ला, म्हणजे बाजारात पत असलेल्या व्यापाऱ्यालाच द्यावयाची असे. हुंडी चोरीची अथवा बनावट निघाल्यास घेतलेली रक्कम व्याजासह परत करण्याची जबाबदारी त्या शहावर येई. सराफाने हुंडी आणणाऱ्याची पारख करण्याऐवजी शहाची पारख करावी, एवढेच पुरेसे होते. १८८१ च्या चलनक्षम दस्तऐवजांच्या कायद्यानेही देशी भाषांतील दस्तऐवजांविषयीचे स्थानिक रिवाज अबाधित ठेवले.

व्यक्तीच्या पतीवर संस्थेपेक्षाही अधिक विश्वास ठेवण्याची ही वृत्ती होती. गिरगावचे जगन्नाथ शंकरशेट (१८०३-१८६५) यांच्याकडे अरब व अफगाण व्यापारी बँकांऐवजी आपल्या ठेवी ठेवीत, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते, ते याच दृष्टीने अर्थपूर्ण आहे. तथापि या व्यवस्थेला कुंपण होते. शहा कोण, हे बाजारातील ज्ञाती आणि पेढ्या ठरवीत. ज्याला ओळखणारा शहा नाही, त्याला या व्यवस्थेत प्रवेश नव्हता.

मनीऑर्डर : मध्यवर्ती संस्था

परळ-लालबागच्या चाळींत राहणारा गिरणी कामगार अशाच कुंपणाबाहेरचा. त्याची गरज १८८० मध्ये सुरू झालेल्या टपाल खात्याच्या मनीऑर्डरने भागविली. कोकणात वा घाटावर पैसे पाठविण्यासाठी त्याला कोणा शहाची ओळख लागत नव्हती. गावी रक्कम घेणारी व्यक्ती निरक्षर असल्यास तिच्या अंगठ्याच्या ठशावर साक्षीदाराची सही घेतली जाई. येथे विश्वास सरकारी खात्यावर होता. स्थानिक साक्ष केवळ अखेरच्या टप्प्यावर उरली होती.

किल्ल्यांचे वितरण : दोन मार्ग

व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये सार्वजनिक किल्लीची कल्पना मांडली, तेव्हा सर्वांच्या किल्ल्यांची एक खुली नोंदवही असावी असे त्यांनी सुचविले होते. १९७८ मध्ये लॉरेन कोनफेल्डर यांनी किल्ली व तिचा धनी यांचा संबंध प्रमाणित करणाऱ्या प्रमाणपत्राची कल्पना मांडली. हा मनीऑर्डरचा मार्ग होय. भारताने माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० अन्वये तोच स्वीकारला. या कायद्याने प्रमाणन प्राधिकरणांवर देखरेख ठेवणारा नियंत्रक नेमला. या मार्गाचा धोका २०१४ मध्ये दिसला. राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राच्या प्रमाणन प्राधिकरणाकडून गूगलच्या संकेतस्थळांच्या नावे अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे त्या वर्षी जुलैत उघड झाले. मध्यवर्ती दुवा निखळला की त्यावर विसंबणारे सारेच अडचणीत येतात.

दुसरा मार्ग फिल झिमरमन यांच्या १९९१ मधील पीजीपी या प्रणालीतून पुढे आला. त्यात परिचितांनी एकमेकांच्या किल्ल्यांवर सह्या कराव्यात आणि त्यातून विश्वासाचे जाळे विणले जावे, अशी योजना होती. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या डेबियन प्रकल्पाने हा मार्ग नेटाने राबविला. नव्या विकासकाने विद्यमान सदस्यांना प्रत्यक्ष भेटावे, ओळखपत्र दाखवावे आणि आपल्या किल्लीच्या चाळीस अक्षरी ठशाची खातरजमा करून घ्यावी. त्यानंतर ते त्याच्या किल्लीवर सही करीत. अशा किल्ल्यांचा जुडगा प्रकल्प स्वतः सांभाळतो आणि वितरित करतो. १ जानेवारी २०१५ रोजी डेबियनने दुर्बळ ठरलेल्या १०२४ बिटांच्या किल्ल्या जुडग्यातून काढल्या, तेव्हा ज्यांना नव्या किल्लीवर सह्या मिळविता आल्या नव्हत्या अशांची अडचण झाली. परिषदांना जाणे ज्यांना परवडते, त्यांच्यासाठी सह्या सुलभ, इतरांसाठी दुर्लभ. डेबियनची वार्षिक परिषद भारतात प्रथम भरली ती २०२३ मध्ये, कोची येथे. काळबादेवीचे कुंपण असे नव्या रूपात उभे राहिले होते.

साक्षीची मर्यादा

ऑगस्ट २०११ मध्ये लिनक्सच्या मुख्य वितरणस्थळात घुसखोरी झाल्याचे आढळले. त्यानंतर लिनक्सच्या विकासकांनी प्रत्यक्ष भेटींतून सह्यांचे जाळे नव्याने बांधले. जून २०१९ मध्ये किल्ल्यांच्या खुल्या साठ्यांवर काही विकासकांच्या किल्ल्यांना हजारो निरर्थक सह्या जोडून त्या निरुपयोगी करण्यात आल्या. तेव्हा जीएनयूपीजी या प्रणालीने अशा साठ्यांवरून येणाऱ्या इतरांच्या सह्या सर्वसाधारणपणे दुर्लक्षिण्याचे धोरण घेतले. साक्ष देणे फुकट असेल, तर खोट्या साक्षींचा ढीग पडतो. त्याच वर्षी लिनक्स प्रकल्पाने आपल्या विकासकांच्या किल्ल्यांचा स्वतंत्र संग्रह राखण्यास आरंभ केला.

मार्च २०२४ मधील एक्सझेड प्रकरण अधिक बोलके आहे. त्या प्रकल्पात दोन वर्षांहून अधिक काळ टोपणनावाने काम करून विश्वास संपादन केलेल्या सहदेखभालकर्त्याने ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत छुपा दरवाजा घातला. त्या आवृत्त्यांवरील त्याची स्वाक्षरी खरी होती. किल्ली ज्याची म्हणून ठाऊक होती त्याचीच होती; प्रश्न त्याच्या हेतूचा होता.

समारोप

या तिन्ही व्यवस्थांचा एकत्र विचार केला असता असे दिसते की, किल्लीचे वितरण हा प्रथम साक्षीचा व नंतर तंत्राचा प्रश्न आहे. शहादेखील हुंडी आणणाऱ्याच्या चारित्र्याची हमी देत नव्हता. चूक झाल्यास नुकसान मात्र भरून देत होता. मुक्तस्रोत प्रकल्पांत नुकसानभरपाईची जबाबदारी कोणीच स्वीकारीत नाही, त्यांचे परवाने ती स्पष्टपणे नाकारतात. म्हणून तेथे साक्षीदाराचे दायित्व पैशांऐवजी श्रमातून फेडावे लागते : जुडगा अद्ययावत ठेवणे, गमावलेल्या किल्ल्या तत्काळ रद्द करणे आणि स्वाक्षरी खरी असली तरी मजकूर तपासणे. आपल्या विद्यार्थ्यांना अंकीय स्वाक्षरीचे गणित शिकविले जाते. सही करणारा नेमकी कशाची जबाबदारी घेतो, हेही त्याबरोबर शिकविले गेले पाहिजे. तसेच ज्याला ओळखणारे कोणी नाही, त्या दूरच्या गावातील विकासकाला प्रवेश कसा मिळणार, याचेही उत्तर द्यावे लागेल. लालबागच्या कामगाराला ते सार्वजनिक संस्थेने दिले होते. आज, विद्यार्थ्याला वर्षानुवर्षे जवळून ओळखणारी महाविद्यालये या साक्षीच्या कामी पुढे येऊ शकतील.