अज्ञातकारण वंध्यत्व : उपचारांची तुलना

वर्षभर प्रयत्न करूनही गर्भ राहत नाही, पण बीजमोचन, गर्भनलिका आणि वीर्य यांच्या तपासण्यांत दोष सापडत नाही, ती स्थिती म्हणजे अज्ञातकारण वंध्यत्व. ६ ऑगस्ट १९८६ रोजी परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, तेव्हापासून मुंबईत आयव्हीएफचे (शरीराबाहेर फलन करून गर्भ गर्भाशयात सोडण्याचे) नाव घरोघरी पोचले. तरी पहिली पायरी आययूआयचीच (वीर्य थेट गर्भाशयात सोडण्याची) असावी. न्यूझीलंडमधील २०१८च्या चाचणीत क्लोमिफेन या बीजमोचनाच्या औषधासह आययूआयच्या तीन आवर्तनांनंतर ३१ टक्के स्त्रियांना मूल झाले. नुसती वाट पाहणाऱ्या गटात ९ टक्के. नेदरलँड्समधील २०१५च्या चाचणीत वर्षभरात निरोगी मूल होण्याचे प्रमाण आयव्हीएफमध्ये ५२ टक्के, औषधांसह आययूआयमध्ये ४७ टक्के होते. मानखुर्दच्या हातावर पोट असलेल्या जोडप्याला एवढ्या फरकासाठी महागड्या आयव्हीएफच्या कर्जात लोटणे मला अन्यायकारक वाटते.

आययूआयमध्ये वेळ वाया जातो, हा आक्षेप स्त्रीचे वय अडतिशीपलीकडे असेल तर रास्त आहे. तिथे आयव्हीएफ लवकर करावे. औषधांमुळे जुळ्यांचा धोका वाढतो, हेही खरे. म्हणून सोनोग्राफीची देखरेख हवी. आयव्हीएफमध्ये इक्सीचा (एक शुक्राणू थेट बीजांडात टोचण्याचा) आग्रह मात्र निराधार आहे : वीर्य निर्दोष असताना तिच्यामुळे यश वाढत नाही, हे व्हिएतनाममधील २०२१च्या चाचणीत दिसले.